धाकट्या तळ्याचं जलपूजन

"ज्याने पाण्याला दिशा दिली, त्यालाच इतिहासाने महापुरुष म्हटलं आहे," असं नगराध्यक्ष रंगनाथराव मेधणे पालिकेच्या सभागृहात उभे राहून म्हणाले. त्याच वेळी मागच्या मोरीचं पाणी उंबरठा ओलांडून आत आलं होतं आणि कुणाच्याही आज्ञेची वाट न पाहता त्यांच्या वहाणांच्या दिशेने निघालं होतं. रंगनाथरावांनी भाषण थांबवलं नाही. ते फक्त खुर्चीवर चढले.

सभासदांनी बाकं वाजवली. विरोधी बाजूला एकट्या सावित्रीबाई दोंदे बसायच्या. त्यांनी पाय वर घेऊन बाकावर मांडी ठोकली आणि म्हणाल्या, "दिशा बराबर दिली हाय भाऊ. पाणी थेट तुमच्याकडंच निघालंय."

खैरवड हे गाव नाशिकच्या द्वारका चौकातून एसटीत बसलं की एका डुलकीच्या अंतरावर होतं. नाशिकच्या मानाने ते खेडं आणि खेड्यांच्या मानाने शहर. म्हणजे खेड्याची मोकळी हवा त्याने सोडलेली आणि शहराची गटारं त्याला अजून मिळायची होती. शेवटी सरकारला दया आली. गावातून जमिनीखाली नळ गेले आणि गावाबाहेरच्या माळावर, उताराच्या तोंडाशी, एकाखाली एक अशी तीन मोठी तळी खणली गेली. सरकारी कागदावर त्यांचं नाव ऑक्सिडेशन पाँड. गावाने पहिल्याच आठवड्यात त्यांची नावं ठेवली : थोरलं, मधलं आणि धाकटं. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीला धाकटं तळं काठोकाठ भरलं.

रंगनाथरावांना या तळ्यांचा मनापासून तिटकारा होता. घाणीमुळे नव्हे. घाणीत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं आणि तिच्याविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांचं दुःख वेगळंच होतं. योजनेला यंत्र नव्हतं.

पालिकेचे इंजिनिअर गोरक्ष निरभवणे यांनी त्यांना पहिल्यांदा बांधावर नेलं, तेव्हा नाकाला रुमाल लावून रंगनाथरावांनी चारी दिशांना पाहिलं होतं.

"निरभवणे, यंत्र कुठंय?"

"यंत्र नाही, साहेब."

"अजून यायचंय?"

"येणारच नाही. लागत नाही."

"मग ही घाण साफ कोण करतं?"

निरभवण्यांनी मान वर केली आणि डोळे किलकिले करून म्हणाले, "ऊन."

रंगनाथरावांनीही वर पाहिलं. तिथे रोजचाच सूर्य होता, ज्यावर पालिकेचं नाव कुठेही रंगवलेलं नव्हतं.

निरभवणे हा माणूस शिकलेला होता आणि ते त्याच्या चेहऱ्यावरून लपत नव्हतं. त्याने शांतपणे सगळं सांगितलं. थोरलं तळं खोल आहे. गावचं सांडपाणी आधी त्यात येतं, गाळ तळाशी बसतो आणि कुजतो. वर बुडबुडे येतात ते त्याचेच. मग पाणी मधल्यात उतरतं. त्यात शेवाळ आहे. ते उन्हात प्राणवायू सोडतं, त्या प्राणवायूवर बारीक जंतू जगतात आणि उरलेली घाण खाऊन टाकतात. मग पाणी धाकट्यात येऊन नुसतं पडून राहतं. तिथे उन्हाने रोगाचे जंतू बरेचसे मरतात आणि पाणी शेताला सोडण्याजोगं होतं.

"म्हणजे आधी कुजायचं, मग खायचं आणि मग पडून राहायचं?" रंगनाथरावांनी विचारलं.

"हो, साहेब."

पालिकेचा कारभार जवळून पाहिलेल्या माणसाला ही पद्धत अपरिचित नव्हती. पण रंगनाथरावांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"उद्घाटनाला मी दाबू काय?"

"काही दाबायचं नाही, साहेब. थांबायचं. यात सगळं काम थांबण्याचंच आहे. पाणी जितकं थांबेल तितकं साफ होतं."

"थांबायला मला वेळ आहे का?" रंगनाथराव ओरडले. "मार्चमध्ये निवडणुका आहेत!"

आणि ते खरंच होतं. रंगनाथरावांना विधानसभेचं तिकीट हवं होतं. बाकी त्यांना आयुष्यात फारसं काही नको होतं. होतं ते सगळं त्यांनी आधीच घेतलेलं होतं. तिकीट होतं राज्यमंत्र्यांच्या शब्दावर, आणि राज्यमंत्र्यांचा जीव होता जलपूजनावर. कुठे बंधारा भरला, धरण सांडलं, की साहेब हजर. पाण्यावर साडीचोळी सोडायची, नारळ वाहायचा आणि भाषणात त्या गावच्या पुढाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा. ज्याच्या पाठीवर हात पडला त्याचं तिकीट पक्कं, असं अख्खा जिल्हा मानत होता.

तिकिटासाठी दुसरे इच्छुक होते जयरामदादा गोवर्धने. त्यांचं गाव इगतपुरीच्या अंगाला. त्यांनी श्रावणातच दोन जलपूजनं उरकून घेतली होती.

"त्यात जयरामचं काय कर्तृत्व?" रंगनाथराव चहा पिणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "तिकडं आभाळच फाटकं आहे. एखादं शेंबडं पोर खड्डा खणून शाळेत गेलं, तर संध्याकाळपर्यंत त्याचं धरण होतं."

खैरवडला मात्र पाऊस यायचा तो मोजून, आणि नदी होती ती फक्त नकाशात. पूजा करावी असं पाणी गावात कुठेच नव्हतं.

डिसेंबरच्या एका सकाळी रंगनाथराव कुणाच्या तरी शेताचा बांध सरकवण्याचा वाद मिटवून माळावरून परत येत होते. उजवीकडे पाहतात तर खाली निळंहिरवं, स्वच्छ पाणी. त्यात आभाळ उतरलेलं. चार-दोन रानबदकं पोहत होती, आणि एक बगळा एका पायावर उभा राहून गंभीरपणे कसला तरी विचार करत होता. रंगनाथराव जागच्या जागी थबकले. त्यांच्या नाकावरचा रुमाल आपोआप खाली आला. धाकट्याला वास नव्हता.

त्यांनी निरभवण्यांना बोलावणं धाडलं.

"हे काय आहे?"

"तिसरं तळं, साहेब."

"चूक. हा जलाशय आहे."

निरभवण्यांनी वर थोरल्या तळ्याकडे पाहिलं. काही माणसांचं पाहणंही उद्धट असतं.

त्याच दिवशी फर्मान सुटलं. जलाशयाला वडिलांचं नाव : कै. सखारामबापू मेधणे जलाशय. संगमरवरी कोनशिला. मंत्रिमहोदयांच्या हस्ते जलपूजन. गटार, मैला, सांडपाणी हे शब्द जो उच्चारील त्याची बदली.

कोनशिलेला चौथरा हवा होता आणि विटा कुठून आणायच्या हा प्रश्नही लगेच सुटला. तळ्यांच्या रखवालदारासाठी काठावर एक संडास बांधायचा, असं मूळ आराखड्यात होतं. त्याच्या विटा येऊन पडल्या होत्या. रंगनाथराव खो खो हसले.

"सगळ्या गावाचा संडास इथं येतोय, आणि इथं आणखी एक संडास? निरभवणे, तुम्ही समुद्रात पाणपोई घालाल! बापूंचा चौथरा करा त्या विटांचा."

काठाला बाभळींची दाट रांग होती. तीही तोडायला लावली, मंडपातून पाणी नीट दिसावं म्हणून. आडोसा उरला तो फक्त पार वरच्या टोकाला, थोरल्या तळ्यामागे.

"साहेब, दोन गोष्टी सांगतो," निरभवणे म्हणाले. "मंडप इथं नको. सकाळी वारा बरा असतो. दुपारनंतर फिरतो आणि थोरल्यावरून सरळ इकडे येतो."

"कार्यक्रम सकाळी दहाचा आहे."

"मंत्री येणार आहेत, म्हणूनच सांगितलं."

"दुसरी?"

"हे पाणी उसाला चालेल, गवताला चालेल. माणसाच्या पोटात जाता कामा नये."

"पूजा डोळ्यांनी होते, निरभवणे. पोटाने नव्हे."

"आणि तीर्थ?"

रंगनाथराव म्हणाले, "त्याचं मी बघतो." आणि त्यांनी बघितलंही. घरचा मोठा तांब्याचा तांब्या घासूनपुसून, विहिरीच्या पाण्याने भरून पूजेत ठेवायचा. गुरुजींनी त्यातलंच पळीभर प्रत्येकाच्या हातावर द्यायचं. पाणी कुठलं हे तांब्याला बोलता येत नाही.

घरी रंगनाथरावांच्या पत्नी लताबाईंनी तांब्या घासायला घेतला, पण तोंड बंद ठेवलं नाही.

"अहो, मामंजींचं नाव त्या घाणीला?"

"जलाशयाला."

"आयुष्यभर सोवळ्यात जेवले हो ते. मेल्यावर तरी त्यांना चांगल्या जागी राहू द्या."

"संगमरवरात कोरतोय त्यांना! आणखी किती चांगली जागा?"

"आपल्या घरचं गटार तरी जोडलंय का तुम्ही त्या नळाला?"

"आपलं कशाला जोडायचं?" रंगनाथराव खरोखर आश्चर्याने म्हणाले. "योजना लोकांसाठी आहे."

लताबाईंनी चिंचेचा कोळ जरा जास्तच जोरात फिरवला.

जलपूजनाच्या दिवशी नऊ वाजल्यापासून मंडप भरला. शाळेच्या मुली, बँडवाले, चौदा गावचे सरपंच. रंगनाथराव नवं धोतर, नवा कोट आणि गुलाबी फेटा घालून काठावर येरझारा घालत होते. त्यांच्या एका माणसाने कोपऱ्यात हजाराची लड अंथरून ठेवली होती. मंत्र्यांच्या तोंडून तिकिटाचा शब्द निघाला की ती लावायची, असं ठरलं होतं.

दहाचे अकरा झाले, अकराचा एक. निरोप आला की साहेब वणीला गडावर देवीच्या दर्शनाला गेलेत. मग आला की खाली एका कार्यकर्त्याकडे मिसळ चालू आहे. मग आला की दुसरा कार्यकर्ता रुसला, म्हणून त्याच्याकडेही मिसळ घ्यावी लागली, आणि ती पहिल्यापेक्षा लाल आहे.

मोटार आली तेव्हा सूर्य कलला होता. आणि निरभवण्यांचा वारा, इंजिनिअरच्या शब्दाला जागून, फिरला होता.

थोरल्या तळ्याचा वास हलक्या पावलांनी मंडपात शिरला. आधी शेवटच्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. मग मधल्यांनी. सरपंच मंडळींनी शिष्टाचार म्हणून श्वास घेणं कमी केलं. राज्यमंत्री मोटारीतून उतरले आणि त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"कसला वास हो, रंगनाथराव?"

"खत, साहेब! शेतकऱ्यांचा भाग आहे."

"वा," साहेब म्हणाले आणि पोटावरून हात फिरवला. "काळी आई!"

पण पाणी पाहून साहेब खूश झाले. उन्हं तिरपी होऊन तळं नुसतं झळाळत होतं. बगळाही वेळेवर हजर होता. "ही बदकं कुठून आणलीत?" साहेबांनी विचारलं. "आपल्या प्रेमापोटी स्वतःहून आली," रंगनाथराव म्हणाले. मांडवाच्या शेवटच्या खांबाशी हाताची घडी घालून उभे असलेले निरभवणे खोकले.

पूजेला खास पंचवटीहून गुरुजी आणले होते. रामकुंडावर जन्म घालवलेला माणूस. पाण्याकडे पाणी म्हणून पाहण्याची त्यांना सवयच राहिली नव्हती; ओंजळीत मावलं की ते तीर्थ. त्यांनी खणखणीत आवाजात संकल्प सांगितला. हळदकुंकू वाहिलं. राज्यमंत्र्यांनी हिरवीगार साडी पाण्यावर सोडली. ती फुगून जरा वेळ तरंगली आणि बदकांनी तिला वाट दिली. नारळ झाला, फुलं झाली. मग गुरुजी तीर्थाकडे वळले आणि तांब्यात डोकावले.

"यजमान, हे जल कुठलं?"

"घरचं, गुरुजी. विहिरीचं. अगदी सोवळ्यातलं."

"आणि पूजा कुणाची केली?"

"जलाशयाची."

"मग तीर्थ विहिरीचं कसं? वरात एकाची आणि बोहल्यावर दुसराच?" असं म्हणून गुरुजींनी तांब्या मातीत उपडा केला. रंगनाथराव 'अहो, अहो' म्हणेपर्यंत ते पायऱ्या उतरले, साडी हाताने बाजूला सारली, तांब्या धाकट्या तळ्यात बुडवला आणि डुबुक डुबुक करत भरून वर आणला.



राज्यमंत्र्यांनी उजवा हात पुढे केला. भाविक माणूस. रंगनाथरावांच्या डोळ्यांपुढे तिकीट आलं आणि तळ्यातल्या साडीसारखं हळूहळू बुडायला लागलं. पाणी कसलं हे आता सांगावं तर मंत्र्यांनी गटाराला साडी नेसवली, हे उद्या नाशिकच्या पेपरात. न सांगावं आणि साहेब आजारी पडले तर जयरामदादा सोलापुरी चादर घेऊन दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोहोचणार.

"थांबा जरा!" पुढच्या रांगेतून सावित्रीबाईंचा आवाज आला. "आधी यजमानाचा मान असतोय. आमचे अध्यक्ष आधी घेतील की!"

"पाहुण्यांना आधी—" रंगनाथराव पुटपुटले.

"का वो भाऊ? परवा सभेत म्हणला ना, पाणी आरशासारखं हाय? मग घ्या की घोटभर आरसा!"

लोक हसले. साहेबही हसले आणि त्यांनी हात मागे घेतला. "खरंय बाईंचं. घ्या, रंगनाथराव."

रंगनाथरावांनी निरभवण्यांकडे पाहिलं. निरभवण्यांनी सूर्याकडे पाहिलं, जणू केलं असेल तर त्यानेच काही केलं असेल.

गुरुजींनी पळी ओतली. तळहातावर थोडंसं फिकट हिरवं पाणी जमलं. त्यात अख्खं खैरवड होतं. वेशीकडची गल्ली, बाजारपेठ, कन्याशाळा, सावित्रीबाईंची मोरी, ज्यांना ते निवडणुकीपुरते ओळखत अशी सगळी घरं. इतक्या वर्षांत रंगनाथराव जनतेच्या इतक्या जवळ कधीच गेले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, वडिलांचं नाव घेतलं आणि घोट घेतला.

चव काहीच नव्हती. किंचित शेवाळाची, बस. खैरवडच्या पालिकेत आजवर एक काम सांगितल्याप्रमाणे झालं होतं आणि ते नेमकं उन्हाने केलं होतं. पण रंगनाथरावांना त्या चव नसण्याचीच भीती वाटली.

"आता आपण, साहेब," गुरुजी म्हणाले.

रंगनाथरावांनी श्वास रोखला. राज्यमंत्र्यांनी पळीभर तीर्थ घेतलं, ओठांच्या जवळ नेलं, तसंच वर नेऊन डोळ्यांना लावलं, आणि उरलेलं मस्तकावरून मागे उडवून दिलं. एवढी जलपूजनं करून जिवंत राहिलेला माणूस होता तो. साहेबांचं पाहून चौदाही सरपंचांनी तीर्थ डोक्यावरून मागे उडवलं. मागच्या रांगेतल्यांनी न पिताच तोंडं पुसली. सबंध समारंभात पाणी प्यायला होता तो एकटा यजमान.

पण साहेब खूश होते, आणि तेच महत्त्वाचं होतं. ते माईकपाशी गेले. भगीरथाचं नाव निघालं. भगीरथाने एक गंगा आणली, पण खैरवडच्या भगीरथाने कोरड्या माळावर सागर उभा केला, असं साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. रंगनाथरावांच्या पोटातला घोट आता कुठे स्थिर झाला होता. त्यांनी फेटा सारखा केला. कोपऱ्यातल्या माणसाने काडीपेटी काढली.

"बंधूंनो आणि भगिनींनो," साहेबांचा आवाज चढला, "असा कर्तबगार माणूस खैरवडात शोभत नाही! त्याची जागा इथं नाही! त्याची जागा मुंबईला आहे! तिकडे, विधान—"

आणि साहेब थांबले.

मंडप श्वास धरून बसला. साहेबांच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब उभे राहिले होते. एक हात माईकवर आणि दुसरा कोटाच्या आत पोटावर. पहिल्या मिसळीने दुसऱ्या मिसळीला काहीतरी सांगितलं असावं आणि दुसरीला ते पटलं असावं. त्यांनी माईक सोडला, ताठ आणि अगदी लहान पावलं टाकत रंगनाथरावांकडे आले आणि त्यांच्या कानाशी वाकले.

लोकांना अर्थ कळला. कोपऱ्यातल्या माणसालाही कळला. त्याने लड लावली. बँडने आपण होऊन विजयाची धून धरली, आणि त्या धुरात आणि धडाडधूममध्ये रंगनाथरावांनी डोळे मिटून, हात जोडून, कान पुढे केला.

"रंगनाथराव," साहेब म्हणाले, "इथं संडास कुठंय?"

रंगनाथरावांनी डोळे उघडले. समोर कै. सखारामबापूंचा चौथरा होता. पक्क्या विटांचा.

"इथं तसा... अजून..."

"गावात?"

"पालिकेत आहे, साहेब. पण सध्या तिथं पाणी उलटं येतंय."

"तुमच्या घरी?"

"आम्ही... शेतात जातो, साहेब. मोकळ्या हवेत."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. माळ तळहातासारखा उघडा होता. तोडलेल्या बाभळींचे बुंधे ओळीने उभे होते. "झाड? झुडूप?"

"ती तिकडं, थोरल्यामागं... बरंच लांब आहे..."

साहेबांनी त्या दिशेला एकदा पाहिलं आणि पायातला बूट घट्ट केला. विधानसभा, भगीरथ, पाठीवरचा हात, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून पुसून गेलं होतं. मग त्यांची नजर पूजेच्या पाटावर गेली. गुलाब, अक्षता आणि मध्ये चिंचेने लखलखीत घासलेला तांब्या. गुरुजींनी शेवटची पळी वाटून तो नुकताच पालथा घातला होता.

"तो तांब्या द्या," राज्यमंत्री म्हणाले. "आणि रिकामा नको. भरून द्या."